दस्तगीर मिस्त्रींचं मागणं

दस्तगीर मिस्त्री पहाटेची नमाज झाली की लगेच उठत नसत. शेडच्या दारात दोन्ही तळवे पुढे धरून ते आणखी बराच वेळ काहीतरी पुटपुटत बसायचे. मी पूजेची फुलं तोडायला अंगणात आलेली असायची आणि माझं लक्ष फुलांपेक्षा त्यांच्या ओठांकडेच जास्त. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं खरंच दुखतंय का, हे ओळखण्यात निम्मी नोकरी गेली.

आमच्या उरवडे गावात कारखाने आल्यावर सगळ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, तशा आम्हीही बांधल्या. मागे एक पत्र्याची शेड होती, ती कामाला आणि एक खोली राहायला मिस्त्रींनी घेतली. माणूस सोलापूरकडचा, बायको वारलेली, मुलगी पुण्यात दिलेली. ग्रील, गेट, लोखंडी जिने करायचे. हात फार चांगला होता, त्यांनी केलेल्या फाटकाला कडी घालताना आवाज होत नसे. डोंगरापलीकडे तलावाकाठी बंगल्यांची एक मोठी स्कीम चालू होती. तिथल्या ठेकेदाराने त्यांना सगळ्या गच्च्यांच्या रेलिंगचं काम दिलं. लोखंड घ्यायला पैसे कमी पडले, ते मी दिले. माझ्या पेन्शनीतले साठ हजार. रेलिंग बसली, स्कीम बंद पडली आणि ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला.

त्यानंतर मिस्त्रींचं पुटपुटणं लांबलं. एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, कर्ज फिटावं म्हणून आमच्यात एक दुआ आहे, ती मागतो. फिटावं म्हणून की बुडावं म्हणून? बाईंच्या डोक्यातून आकडा पुसून टाक, असं तर हा माणूस देवाला सांगत नसेल? अरबी मला कुठे कळतंय. मी त्यांना अर्थ विचारला, वर्गात कवितेचा विचारायचे तसा.

"तुझ्या हलालात माझं भागू दे, हरामाकडं जायची पाळी आणू नको," मिस्त्री म्हणाले. "आन् तुझ्याबिगर कुणाच्या दारात उभं करू नको."

"आणि माझे पैसे?"

"त्येच मागतोय की बाई. देनं डोक्यावर घेऊन मानूस मेला, तर त्येचा जीव अडकून ऱ्हातो आमच्यात."

मला ते पाठ करून ठेवलेलं उत्तर वाटलं.

आठवडाभरातच एका सकाळी दारात टेम्पो दिसला आणि मिस्त्री त्यात वेल्डिंगचं मशीन चढवत होते. चालला माणूस, असं मनात आलं आणि मी अनवाणीच धावले. पौडला काम मिळालंय, संध्याकाळी परत येतो, असं ते सांगत होते. संध्याकाळी येतो, असं तो ठेकेदारही सांगायचा. मी मशीन उतरवायला लावलं, शेडमध्ये ठेवायला लावलं, दाराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. टेम्पोवाला तावातावाने बोलायला लागला. मिस्त्रींनीच त्याला गप्प केलं. म्हणाले, बाईंचा पैसा हाय, त्यांची भीती खोटी न्हाई.

मग ते पिरंगुटला दुसऱ्याच्या वर्कशॉपात रोजावर जाऊ लागले. दर शुक्रवारी दुपारची नमाज करून आले की आधी माझ्या ओट्यावर पैसे ठेवायचे. मी मोजायचे, वर पाचशेची नोट उजेडात धरून बघायचे. ते शांतपणे उभे राहायचे. हा शांतपणाही मला खटकायचा. ज्याच्या मनात काही नाही त्याला एकदा तरी राग यायला हवा, असं वाटायचं.

एका शुक्रवारी मीच त्यांना तोड सुचवली. ती स्कीम ओस पडली आहे, राखणदारही धड नसतो. रेलिंग तुमचीच, तुम्हाला छदाम मिळालेला नाही. कटर घेऊन जा, कापून आणा, भंगारात घाला आणि मोकळे व्हा. त्यासाठी मी शेडची किल्लीही देऊ केली. मला हे अगदी न्यायाचं वाटत होतं.

मिस्त्रींनी किल्ली माझ्याकडेच सरकवली. मग म्हणाले, "ठेकेदार पळाला बाई, पन ती घरं त्येची न्हाईत. लोकांनी पैसं भरून ठेवल्यात. म्या कापून आनलं तर सकाळच्याला हात कंच्या तोंडानं पसरू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्या पैशावर साधुपणा चालला आहे, असं वाटलं. त्या रागात किल्ली पुन्हा कमरेला गेली. तिसरा हिस्सा पैसे फिटल्यावर, अडीच महिन्यांनी ती मी त्यांच्या हातात ठेवली. तीही मुलीचा पत्ता लिहून घेऊन.

किल्ली घेताना ते म्हणाले, "मी मेल्यावर आमची मानसं विचारत्याल, कुणाचं काय येनं हाय का. तवा लाजंकाजं माफ केलं म्हनू नका बाई. आसंल त्यो आकडा सांगा." मी बरं म्हटलं. बोलणं मला आवडलं, पण हा माणूस हे आत्ताच का सांगतोय, अशी शंका आलीच.

भातलावणीच्या दिवसांत मिस्त्री मशीनपाशीच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. जनाजा आमच्याच अंगणातून निघायचा होता. उचलायच्या आधी त्यांचा जावई पुढे झाला आणि म्हणाला, सासऱ्यांकडून कुणाचं काही येणं असेल तर सांगा, मी देतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावाला ठाऊक होतं.

"आठ हजार," मी म्हणाले.

कुणीतरी चुकचुकलं. जावयाने खिशात हात घातला. आणि उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने हिशेब केला. अडीच महिने त्यांचं मशीन माझ्या कुलपाआड होतं. स्वतःच्या कामात त्यांना दिवसाला हजार सुटायचे, रोजावर पाचशे मिळाले. आठ हजार तर त्या तोट्यातच, पहिल्या तीन आठवड्यांत फिटले होते. मला अंगणात उभं राहवेना.

"थांब," मी म्हणाले. "येणं त्यांचं आहे. देणं मी लागते." आणि कुलपाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली.

जावई भला मुलगा. जाऊ द्या बाई, आम्ही माफ केलं, असं म्हणाला. पैसे मी पुढे त्याच्या बायकोला पोचवले, तिनेही कुरकुर न करता घेतले. पण कुलूप मी त्या दोघांच्या दाराला घातलं नव्हतं. ज्यांची माफी मागायची होती, त्यांना तोवर चौघांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि मी फाटकापर्यंत नुसती मागून चालत गेले.