क्षीरव्रतातला बर्गर

वरदराजआजांनी सत्तर वर्षांत हॉटेलात एक घास घेतला नव्हता. कॉफीची गोष्ट वेगळी. कॉफीला विटाळ नाही, हे शास्त्र त्यांनी स्वतःच केलं होतं, आणि कॉफीच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या कुंभकोणममध्ये राहून दुसरं शास्त्र परवडतही नाही. पापनाशम्‌पासून आडुतुरैपर्यंत लग्नामुंजींचा स्वयंपाक चाळीस वर्षं त्यांच्या हातचा. अशा आचाऱ्याच्या नातीनं, नंदितानं, बंगळूरची नोकरी सोडून गावात काढलं काय, तर बर्गरचं दुकान! मांस नाहीच, पण दूध, लोणी, तूपही नाही.

"तूप नाही?" आजा म्हणाले. "मग खाणार कोण?"

गावालाही तोच प्रश्न पडला होता. नंदितानं घरात सांगून टाकलं, कार्तिक संपेपर्यंत दुकान चाललं नाही, तर मी परत बंगळूरला. ती दहाला उठायची, म्हणून त्यांची सकाळची दुसरी कॉफी आठवरून दहावर सरकली होती. ती परत गेली, तर कॉफी पुन्हा आठला एकट्यानं प्यावी लागणार, एवढं त्यांना कळत होतं.

भाद्रपदात चातुर्मासाचा तिसरा महिना लागला. आजांसारख्या माध्व वैष्णव घरांत चार महिने चार व्रतं: पहिल्यात भाजी बंद, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी-कडधान्यं. आजांना तीन व्रतं झेपत, क्षीरव्रत नाही. दूध बंद म्हणजे कॉफी काळी. त्या महिन्यात त्यांच्याशी बोलायचं धाडस फक्त शेजारच्या वेंकटलक्ष्मीआजी करत, तेही दारातूनच.

"आजा, दुकानी या," नंदिता म्हणाली. "नारळाच्या दुधाची कॉफी करते."

"दूधच ना ते?"

"नारळाला कुठे वासरू असतं?"

आजांनी शास्त्रात वासराविषयी काही निघतं का, ते आठवून पाहिलं. मग चपला घातल्या.

"तेलकट आहे," म्हणत त्यांनी दुसरा पेला मागितला. मग विचारलं, "या बर्गरात खरंच दुधाचा थेंब नाही?"

"नाही."

"कांदा-लसूण?"

"नको तर काढीन."

"मग बाई, हे क्षीरव्रताचं हॉटेल आहे! आधी सांगायचं नाही?"

दुसऱ्या दिवशी मठात आजांनी कानोकान दवंडी पिटली. वकील मध्वेशराव आले, त्यांचे साडू आले, कपाळावर अंगाराक्षतांची काळी रेघ आणि ठिपका लावलेली म्हातारी मंडळी उंच स्टुलांवर पाय लोंबकळत बसून बर्गर कुठून चावावा याची चर्चा करू लागली. नातवंडं मागोमाग आली. महिनाभर दुकानात बसायला जागा नव्हती. आजा दारात उभे राहून, लग्नघरात करत तशी, "सावकाश होऊ द्या" करत. स्वतः मात्र खात नव्हते. दुसऱ्याच्या हातचं म्हणजे काय खायचं!

आणि आश्विनातल्या एका द्वादशीला दुकान रिकामं पडलं. दुसऱ्या दिवशीही.

"आजा, सगळे गेले कुठे?"

आजांनी कपाळावर हात मारला. "चौथा महिना लागला! तुझ्या वड्यात काय असतं?"

"राजमा. सोया."

"दोन्ही कडधान्यं. गेलं!"

"म्हणजे तुम्ही मला महिन्याभराचंच गिऱ्हाईक आणून दिलंत?"

"मी कुठे? पंचांगानं दिलं."

नंदिता हसली, पण संध्याकाळी ती फोनवर बंगळूरच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलत होती. आजांनी ते ऐकलं आणि रात्री ताक न घेताच झोपले.

सकाळी ते ओल्या पंच्यानं, हातात सुरी आणि खांद्यावर भलामोठा सुरण घेऊन दुकानात हजर झाले. "चूल कुठे आहे तुझी?"

सुरण उकडला, कुस्करला, त्यात मिरी, जिरं, कढीपत्ता, तांदळाचं पीठ घातलं. मग घरून आणलेल्या गडव्यातलं ताक ओतणार, एवढ्यात नंदिता किंचाळली.

"आजा! ताक नाही!"

"अगं, ताकाशिवाय सुरण घशाला खाजेल. आणि चौथ्या महिन्यात ताक चालतं!"

"तुमच्यात चालत असेल. माझ्यात नाही. माझं व्रत बाराही महिने असतं."

आजांचा हात गडव्यावरच थांबला. "बाराही? आणि पारणं कधी?"

"पारणं नाहीच."

आजांनी नातीकडे जरा नव्यानं पाहिलं. मग गडवा बाजूला ठेवून वाळवलेल्या कैरीच्या फोडी भिजत घातल्या.

पहिला बर्गर केळीच्या पानावर आला. आजांनी स्टूल सरकवून जमिनीवर मांडी घातली, पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि मग थबकले.

"पाव कुणी केला?"

"मी."

ती समोरच उभी होती, पदराऐवजी ॲप्रन धरून. आजांनी डोळे मिटून घास घेतला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे."

"वड्यात? मीठ तुम्हीच घातलंत."

"पावात. उद्यापासून पीठ मी मळतो."

"आजा, आणि कार्तिक संपल्यावर?"

"कार्तिकानंतर पुन्हा आषाढ यायचाच ना? भाजीशिवाय वडा कसा करतात, ते बंगळूर शिकवणार आहे तुला?"

नंदितानं फोन उलटा ठेवला. "कॉफी करू? आता गाईचं दूधही चालेल तुम्हाला."

"चालेल," आजा म्हणाले. घास गिळला. "पण राहू दे. नारळाचीच कर."