आठ दिवसांचं पथ्य

आमच्या घरात रक्त तपासायला कोणी असंच उठून जात नाही. आधी आठ दिवस तयारी चालते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेत आम्ही भिंती रंगवतो, तशी. ही युक्ती घरात मीच आणली. मास्तर मीच ना!

थोरला भाऊ चांदवडला कांद्याचा व्यापारी. शर्टाच्या खालच्या बटणाचा नाद त्याने कधीच सोडला आहे. वर्षातून एकदा तो नाशिकला माझ्याकडे तपासणीसाठी येतो. त्याआधी आठ दिवस वहिनी त्याला कारलं आणि भाकरी घालते. गोड बंद, तळलेलं बंद. दादा पहाटे फिरायलाही जातो, पण सगळं गाव पाहील अशाच रस्त्याने. रक्त दिलं की दंडावरचा कापूस तसाच ठेवून आम्ही थेट मिसळ गाठतो. तर्री दोनदा, वर जिलेबी. संध्याकाळी रिपोर्ट येतो, चरबी आटोक्यात. दादा त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली अभिनंदनाची रांग लागते.

यंदा डॉक्टरीणबाई नवीन होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दादाच्या कमरेला टेप लावली. मग रक्तदाब घेतला, तोही चढलेला.

"काका, पोट एक सांगतंय आणि कागद दुसरंच," त्या म्हणाल्या आणि रक्तातलं एपोबी नावाचं प्रथिन मोजायला सांगितलं.

दादाने लगेच विचारलं, "म्याडम, ह्याला किती दिवस आधी पथ्य लागतं?"

मी छताकडे पाहिलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"कोलेस्टेरॉल म्हणजे गाडीतला कांदा समजा. हे प्रथिन दर गाडीला एकच असतं, म्हणून ते मोजलं की गाड्या किती ते कळतं. आठवडाभर माल कमी भरता येतो, काका. गाड्या इतक्या लवकर हटत नाहीत. आणि रक्तवाहिनीत रुतते ती गाडी."

दुसऱ्या दिवशी कळलं, गाड्या भरपूर होत्या. पोट, दाब, साखर सगळं एकाच माळेतलं, त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, असं सांगून बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. आम्ही तिथून कुठे गेलो? मिसळ खायला. सवय.

"मशीन बिघडलं आसंल," दादा पाव मोडत म्हणाला. "आपल्या बाबांचा रिपोर्ट कसा चोख व्हता! त्यांच्या कुणी गाड्या मोजल्या?"

मी चमचा खाली ठेवला. त्या चोख रिपोर्टावर विसंबून डॉक्टरांनी बाबांची चरबीची गोळी बंद केली होती आणि महिन्याभरात बाबा अंगणात कोसळले, ते गेलेच. "रिपोर्ट तर चांगला होता, नशीब!" असं अजूनही घरात म्हणतात. मीही मान डोलावतो. पण बाबांचं आठ दिवसांचं पथ्य मी वहीच्या कागदावर वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा पहिला नंबर आल्यासारखे मी पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची मला आजही लाज वाटते.

"दादा, बाबांचा रिपोर्ट खोटा होता," मी म्हणालो. "तो मी पास करवला होता."

दादाने पाव ताटात ठेवला आणि हळूच विचारलं, "मंग आता पथ्य किती दिवस?"

"राहिलेले सगळे."