कोपऱ्यात तगलेल्या पेशी

त्या प्रयोगशाळेत मावशी आली होती काचेची भांडी धुवायला. पेशी वाढवायला ती बघून बघून शिकली. गुरांच्या मूत्रपिंडातल्या पेशी बाटलीच्या तळाशी अंगाला अंग लावून पसरत, आणि मावशी त्यांना पोषणाचे गुलाबी पाणी पाजी. बावीस वर्षांत तिने एकही बाटली बुरसू दिली नव्हती.

त्या पेशींवर गुरांच्या एका रोगाचा विषाणू टाकत. तीन दिवसांत पेशी मरून, गोल होऊन तळ सोडत; मग बाटली वाफेच्या भांड्यात उकळून फेकायची, असा नियम होता. एकदा मात्र सूक्ष्मदर्शकातून मावशीला कोपऱ्यात सात-आठ पेशी तळाला घट्ट धरून बसलेल्या दिसल्या. बाटली उकळायला तिचा हात धजेना. तिने ताजे पाणी घातले. महिन्याभरात तळ भरला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंना कळले तेव्हा त्या भडकल्या. "विषाणू घालायला विसरलात आणि आता गोष्ट रचताय? बाटली उकळा. सोमवारपासून पुन्हा भांडी!"

"भांड्यांची लाज नाही मला, बाई. पण बाटली उकळणार नाही. तुमच्या हातानं पुन्हा विषाणू टाका. मेल्या, तर आपल्या पायांनी मोरीवर जाते."

"आणि जगल्या तर?"

"का जगल्या, ते तुम्ही मला सांगायचं."

बाईंनी दोन बाटल्यांत थेंब टाकले, एक साधी, एक मावशीची. तिसऱ्या दिवशी साध्या बाटलीत मेलेल्या पेशींचे नुसते पुंजके तरंगत होते. मावशीच्या बाटलीतली एकही पेशी हलली नव्हती. बाई कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.

"विषाणूजवळ स्वतःचं फारसं काही नसतं, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "पेशीच्या पडद्यावरच्या एका प्रथिनाला तो चिकटतो. पेशी आपलंच समजून पडदा दुमडते नि त्याला पोटात घेते. मग तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या हजारो प्रती करवून घेतो. निघताना तिच्याच पडद्याचा तुकडा पांघरून जातो."

"मेला आयतोबा!"

"तुमच्या पेशींवर ते प्रथिनच नसावं. तपासावं लागेल."

"तपासा खुशाल. पण सोमवारी त्यांना पाणी मीच पाजणार."

बाई हसल्या नाहीत. उकळायच्या यादीतून त्यांनी त्या बाटलीचा आकडा तेवढा खोडला.