मामींचा फ्रिज विद्यापीठात जातो

नागपुरात मे महिन्याच्या उन्हापासून एक वेळ सुटका होईल, पण विद्यापीठासाठी देणगी मागायला निघालेल्या माझ्या मामेसासऱ्यांपासून नाही. मामा त्याच विद्यापीठातून फी भरता न आल्यामुळे पहिल्याच वर्षी बाहेर पडले होते. राग धरायचा सोडून त्यांनी ध्यास धरला. लग्न असो, तेरवी असो, मामा पंगतीत सावज हेरून त्याच्या शेजारी बसत आणि त्याच्या तोंडात घास गेला की मागत. भरल्या तोंडानं नकार देता येत नाही! एका बारशात त्यांनी बाळाच्या आजोबांकडून वसतिगृहासाठी गाद्या मिळवल्या, तर एका तेरवीत दिवंगत वकिलांचं अख्खं पुस्तकांचं कपाट. देणगीवर नाव घालायला मात्र सक्त मनाई. एका गृहस्थांना पंख्याच्या पात्यांवर वडिलांचं नाव हवं होतं. मामा म्हणाले, "पंखा फिरला तं नाव दिसत नाही, थांबला तं पोरं उकडतेत. बाबाले पोराईच्या शिव्या खाऊ घालता का?"

अशाच एका मे महिन्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला. भिवापूरकडची एक मुलगी शेताशेतांतून जुन्या मिरचीचं बियाणं जमवून त्यावर संशोधन करत होती. त्यातले काही वाण आता कुणाच्याच शेतात उरले नव्हते. बियाणं त्या उकाड्यात राहिलं असतं, तर तिची मेहनत आणि ती मिरची, दोन्ही गेली असती. नव्या फ्रिजची मंजुरी येणार पावसाळ्यात. मामा दिवसभर दारोदार फिरले. कूलरसमोरून उठून कोणी दार उघडेना. संध्याकाळी घरी येऊन ते स्वयंपाकघरात स्वतःच्याच फ्रिजसमोर उभे राहिले.

"काहून पाहून राहिले तिकडे?" मामींनी विचारलं.

"काही नाही."

"साऱ्या गावाले मांगता, मले मांगाले लाजता काहून?" मामींनी पन्हं, दही, कणीक भराभर बाहेर काढली. "घेऊन जा. माठ हाय आपल्याले. पण तिले सांगजा, बियाण्याजवळ कांदा ठेवू नको म्हणा."

मालवाहू रिक्षात मामा आणि मी फ्रिजला कवटाळून बसलो. प्रत्येक खड्ड्याला मामा ओरडत, "हळू गा! विद्यापीठाचा माल हाय!" घटकाभरापूर्वी त्यात मामींचं दही होतं.

बियाणं वाचलं, रुजलं. ती मुलगी आता तिथंच शिकवते.

यंदा मामी गेल्या. काही दिवसांनी मामांना मी प्रयोगशाळेत नेलं. फ्रिज अजून घरघरत होता. दाराच्या कोपऱ्यात मामींनी कधीतरी आंघोळीला जाताना चिकटवलेली लाल टिकली तशीच होती.

"सफाईवाल्यांना सांगून ठेवलंय, काका," ती मुलगी म्हणाली. "तेवढी सोडून पुसा म्हणून."

मामांनी टिकलीशेजारी तळवा टेकवला. "थंड हाय," एवढंच म्हणाले.

परतताना एका लग्नाच्या मांडवाजवळ त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली. पंगत बसत होती.

"ओळखीचे आहेत का, मामा?"

"होतील, जावईबापू."

गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसत मामा पंगतीकडे निघाले.