प्रकृती की तब्येत

सदर भागातल्या आमच्या कचेरीत एक वयस्कर भाषांतरकार होते; ते इंग्रजी कागदांचे मराठी भाषांतर करीत. कोणी "प्रकृती कशी आहे?" म्हटले की त्यांचा चष्मा कपाळावर जाई. "तब्येत पूस ना गा! प्रकृती म्हंजे निसर्ग, साहेबाचं नेचर. साहेबाच्या नेचर शब्दाच्या मुळात जन्म हाये, आपल्या प्रकृतीत कृती हाये. थे का खोकल्यानं बिघडते?" आम्ही मुद्दाम विचारायचो, तेही मुद्दाम चिडायचे.

शेवटच्या आजारात मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. तब्येत हा शब्द ओठांवर होता, तरी ते चिडतील या आशेने म्हटले, "प्रकृती कशी आहे?"

त्यांनी चष्म्याकडे हात नेला, पण मध्येच खाली आणून माझ्या हातावर ठेवला.

"बरी हाये गा."

इतके सरळ उत्तर त्यांनी मला कधीच दिले नव्हते.