जुळे दगड

पन्नाशी उलटली, डोक्यावर नावाला चार केस उरले, तरी घरात तो अजून 'धाकटा'च. बाहेर मात्र त्याचा डंका. ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून तो असे खरे वाटणारे दगड उठवतो की बघणारा वाकून हात लावतो. सगळे वाहवा करतात, फक्त थोरली बहीण सोडून. ताईच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढ्यासाठी बिचारा झुरत होता.

शेवटी ताईच्याच फाटकापासून गॅरेजपर्यंतचा जुना रस्ता त्याच्या हाती आला. त्याला इतके तडे की गाडी आत येताना मेहुण्यांची कवळी वाजायची. (ताईनेच सांगितलं, मी कशाला बोलू!)

या कामात गोम एकच. साचे मोजके, तेच फिरून फिरून लावायचे. दर वेळी वळवून नाही ठेवले तर दोन दगड हुबेहूब दिसतात आणि सोंग उघडं पडतं. त्यात ताईने जन्मभर गणिताचे पेपर तपासलेले. कुणी कुणाचं बघून लिहिलंय, हे तिला वासावरून कळायचं. ती व्हरांड्यात खुर्ची टाकूनच बसली.

"अरे, ते दोन बघ. जुळे आहेत!"

"ताई, फार तर चुलत असतील. बोलू नकोस, माल घट्ट होतोय."

घाम पुसायलाही न थांबता तो साचे वळवत राहिला.

दोन दिवसांनी रस्ता धुऊन निघाला. ताई चष्मा लावून तासभर फिरली. जुळं एकही सापडलं नाही. म्हणाली, "हं."

धाकट्याचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारीण फाटकात थबकली. "अगंबाई, काय सुरेख! कुणी केलं?"

"केलं कसलं? खाणीतला दगड आहे तो," ताई ठणकावून म्हणाली.

शेजारीण गेल्यावर धाकटा उसळला. "माझं नाव घ्यायला जीभ झिजली असती?"

"मूर्खा, नाव सांगितलं असतं तर आत्ताच तुला ओढून नेलं असतं तिने. आधी माझं मागचं अंगण कर."

धाकटा खाली मान घालून, गालातल्या गालात हसत, टेप घेऊन मागच्या अंगणाकडे निघाला.