ग्रहणात भाजी चिरणाऱ्या बाई

"एकावरून काही ठरत नाही," असं म्हणून बाई खडूचं टोक टेबलावर दोनदा आपटायच्या. एका मुलाचं गणित बरोबर आलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही आणि एक दिवस चहा फक्कड झाला म्हणून शिपाई सुगरण ठरत नाही. माझ्या एका चित्राला बक्षीस मिळालं, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

लालबागच्या आमच्या शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या आणि मी चित्रकला. त्या गिरगावातल्या जुन्या, कारकुनी करून वर आलेल्या घरातल्या. साडी कडक इस्त्रीची, बोलणं त्याहून कडक. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जवळ बसायला भीती वाटते आणि ती नसली की सगळं कसं ओकंओकं वाटतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गोळीबार होऊन काही आठवडे झाले होते, शाळेच्या भिंतीवर डांबराने घोषणा लिहिलेल्या होत्या आणि अशात डिसेंबरात सूर्यग्रहण आलं. बाईंनी मुलांच्या वह्यांत लिहून पाठवलं: परवा ग्रहण आहे. आज संध्याकाळी सहाला पालकांसाठी वर्ग. घरच्या बायांना आणणे. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. बाईंना तेव्हा सातवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि हे पहिलंच.

पहिली पाळी सुटलेले गिरणीकामगार आले, त्यांच्या बायका आल्या, कडेवरची पोरं आली. गर्दी बघून एक हवालदारही आला.

"बाई, जमावबंदी हाय. कसली सभा ही?"

"ग्रहणाची."

"कुनाच्या विरोधात?"

"कोणाच्याही नाही. हा कंदील धरा. तुम्ही सूर्य."

हवालदार पाऊण तास सूर्य होऊन उभा राहिला. बाईंनी एका हातात नारळ घेतला, दुसऱ्या हातात लिंबू. नारळ म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. लिंबाची सावली नारळावर पडली तशी मागच्या बाकावरची माणसं उठून पुढे आली. फळ्यावर आकृती काढायचं काम माझं. ती काढून झाल्यावर मला राहवेना, म्हणून कोपऱ्यात मी झुपकेदार मिशांचा राहूही काढला. तो इतका झकास उतरला की दोन म्हाताऱ्या येऊन त्याला नमस्कार करून गेल्या. बाईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं.

शेवटी एक बाई उठली. तिची मुलगी आमच्या सातवीत होती. मुलीचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला. वर्गात ती बोलायची ती वही तोंडासमोर धरून, तेही अगदी हळू.

"माका एक विचारूचा हा," ती म्हणाली. "हिच्या वक्ताक मी गिराणात सुरण चिरलंय. बारा वर्सां झाली, सासू अजून बोलता. चाळ बोलता. तां माझ्यामुळा नाय?"



"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातून काहीही झालेलं नाही."

"सांगूक सोपा हा, बाई. परवा तुमी सवता काय करतल्यात?"

बाईंनी नारळ आणि लिंबू टेबलावर ठेवलं. "परवा दुपारी मी इथे व्हरांड्यात बसून भाजी चिरणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या."

जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मला भीती वाटते आहे. पण त्या बाईला बारा वर्षं वाटत आली, त्यापुढे माझं काय?" मी मोठ्या तोंडाने म्हणालो, घाबरायचं काय त्यात. आणि ग्रहणाच्या आदल्या रात्रीच घरी पाण्याच्या पिंपात तुळशीपत्र टाकलं की नाही ते बघितलं.

ग्रहणाच्या दिवशी अर्धी शाळा घरीच होती. शिपायाच्या बिऱ्हाडातून विळी आली, कोबीचा गड्डा आला. बाई अवघडल्या अंगाने विळीवर बसल्या आणि चिरू लागल्या. सात-आठ बायका जिन्यात उभ्या होत्या, पायरी सोडून पुढे यायला कोणी तयार नव्हतं. ती आई मात्र मुलीला घेऊन थेट समोर येऊन बसली. आमच्या व्हरांड्याच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. एरवी त्यांतून उन्हाचे गोल कवडसे पडत. त्या दुपारी ते चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखे पडले, फरशीवर, कोबीवर, सगळीकडे.

"बाई, तुमच्या हातावर पण आलंय!" मुलगी ओरडली. वही तिने आणलीच नव्हती.

माघात बाईंना परळच्या इस्पितळात नेलं. मूल रडलंच नाही. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण डॉक्टरांना विचारतो कोण? संध्याकाळपर्यंत काळाचौकीपासून डिलाईल रोडपर्यंत निकाल लागला होता. माझी बायकोही म्हणाली, "नको तिथे हट्ट." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

दीड महिन्याने बाई परत आल्या. साडी तशीच इस्त्रीची, तास तसेच घड्याळावर. आम्ही सगळे त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचो, मोर्च्यांचं बोलायचो, आणि त्या विषयाला कोणी हात लावायचं नाही. यालाच आम्ही शहाणपण समजत होतो.

एका दुपारी मधल्या सुट्टीत ती आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत फक्त बाई आणि मी. ती चपला काढून आत आली आणि बाईंच्या खुर्चीजवळ उभी राहिली.

"बाई, तुमी भाजी चिरल्यात म्हणान ह्यां झाला नाय हां," ती म्हणाली. "माझ्या वक्ताक माका कोणी सांगूक नाय. म्हणान मी सांगूक इलंय."

बाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच? त्यांनीच तर तिला सांगितलं होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला आणि मग त्या तिच्या पदरात तोंड लपवून रडल्या, मोठ्याने, पोरीसारख्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी बाहेर पडलो, दार ओढून घेतलं आणि शिपायाला म्हणालो, "घंटा आज जरा उशिरा दे."